आत्याच्या तीन वह्या

रोजनिशी लिहिणारी माणसे दोन तऱ्हेची असतात. एक तऱ्हा स्वतःविषयी लिहिणाऱ्यांची. आज मनाला काय वाटले, कोण काय टाकून बोलले आणि आपण त्याला कसे गप्प केले, हे सारे ती मंडळी रात्री निवांत बसून वहीत उतरवतात. दुसऱ्या तऱ्हेची माणसे दुधाचा रतीब, आल्यागेल्याचे नाव, पावसाचा पहिला दिवस एवढेच टिपतात आणि स्वतः वहीच्या बाहेर उभी राहतात. माझी आत्या या दुसऱ्या तऱ्हेची. तिच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. १९४४च्या एप्रिलपासून १९४५च्या पावसाळ्यापर्यंतचा मजकूर त्यांत आहे. त्या साऱ्या मजकुरात ‘मी’ हा शब्द ११ वेळा आला आहे. मुद्दाम मोजला म्हणून सांगते.

माणसांची नावे मात्र ६३ आहेत. ही माणसे कोण, कुठली, त्यांच्यामागे आज कोणी आहे का, हे शोधण्यात माझी गेली काही वर्षे गेली. घरच्यांनी आधी हसून घेतले. ‘स्थळ बघायला निघाल्यासारखी तुमची चौकशी चालली आहे,’ असे आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. मला ती उपमा पटली. गाव कोणते, घर कोणाचे, भाऊबंद किती, हे विचारल्याखेरीज आपल्याकडे ना सोयरीक जुळत, ना हरवलेला माणूस सापडत.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचे घर वाईचे. तिचे पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि सतराव्या वर्षी कपाळ पुसले गेले. त्या काळी अशा मुलीपुढे जी थोडी दारे उघडी होती, त्यांत पुण्याच्या सेवासदनाचे एक होते. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेमुळे ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेऊन पांढरपेशा घरांतल्या कितीतरी विधवा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. आत्या त्यांतलीच. आजोबांनी तिला अडवले नाही. पण कोणी विचारले तर ‘मुलगी पुण्याला शिकते’ एवढेच ते सांगत, काय शिकते ते सांगत नसत. १९४३ साली ती लष्कराच्या परिचारिकांत दाखल झाली, तेव्हा तेवढे सांगणेही बंद झाले.

१९४६ साली ती परत आली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत एका प्रसूतिगृहात नोकरी करत राहिली. लढाईविषयी तिला घरात कोणी काही विचारले नाही आणि तिनेही आपणहून काही सांगितले नाही. आम्हा मुलांना तिच्या तिकडच्या दिवसांची एकच खूण ठाऊक होती. ती गादीवरच्या चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून अशी ताठ बसवी, की त्या गादीवर लोळायची आम्हाला भीती वाटे.

ते दिवस कसले होते, हे थोडे सांगायला हवे. १९४४च्या मार्चमध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा टेकड्यांवर चालून आल्या. सांगशाक नावाच्या डोंगरी गावापाशी ज्या तुकड्यांनी २६ मार्चपर्यंत त्यांना थोपवून धरले, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. मग इम्फाळला वेढा पडला. दिमापूरहून तिकडे जाणारा रस्ता तुटला, तो २२ जून १९४४ रोजी पुन्हा मोकळा झाला. मधल्या काळात इम्फाळची जखमी आणि आजारी माणसे विमानाने बाहेर काढावी लागली. कोहिमाकडची माणसे मोटारींनी दिमापूरला येत आणि तिथून मीटरगेज रेल्वेने गुवाहाटीजवळच्या पांडू घाटापर्यंत. पुढे ब्रह्मपुत्रा. तिच्यावर तिथे पूल झाला तो १९६२ साली. तोवर सारे ओझे, मालाचे आणि माणसांचे, आगबोटींवर. या भागात लष्करी इस्पितळे उभी राहिली होती. त्यांतल्या एकात, बांबूच्या भिंतींच्या आणि गवती छपराच्या वॉर्डात, आत्याची पाळी असे.

गोळीपेक्षा तिथे आजार भारी होता. या आघाडीचे सेनापती जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की १९४३ साली एका जखमी माणसामागे १२० आजारी माणसे इस्पितळांकडे पाठवावी लागली. हिवतापासाठी मेपॅक्रिनच्या पिवळ्या गोळ्या होत्या; त्या रोज घेऊन घेऊन माणसांची कातडीच पिवळी पडे. जखमा चिघळू नयेत म्हणून सल्फा होते. पेनिसिलिन नुकते कुठे येऊ लागले होते. पण जंगलातला एक बारीक किडा चावून येणारा स्क्रब टायफस नावाचा ताप होता, त्याच्यावर काहीच नव्हते. त्याला लागू पडणारे क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ साली हाती आले. तोवर एकच उपाय. दोन दोन आठवडे ताप हटत नाही, माणूस बरळतो, अंथरुणातून उठून पळू पाहतो. त्याचे अंग ओल्या फडक्याने पुसायचे, चमच्याचमच्याने पाणी पाजायचे, कूस बदलायची आणि वाट पाहायची. औषध नव्हते, नर्स होती.

आत्याच्या इस्पितळात बहुतेक नर्स इंग्रज, अँग्लो-इंडियन, नाहीतर मद्रासकडच्या ख्रिस्ती मुली. मराठी येणारी ती एकटी. त्यामुळे कुठल्याही वॉर्डात आपल्याकडचा माणूस आला आणि तापात बडबडू लागला, की मेट्रन तिला झोपेतून उठवून नेई. तो काय मागतो आहे ते तरी कळावे, म्हणून. पत्रे लिहून देणे, आलेली वाचून दाखवणे, हेही तिच्याकडेच. ६३ नावांत २८ नावे आपल्या मुलखातली आहेत, त्याचे कारण हे.

पलटणीचे नाव, आघाडीचे ठिकाण कुठे लिहून ठेवायचे नाही, असा दंडक होता. तो तिने इतका कसोशीने पाळला, की तीन वह्यांत एकाही लढाईचे नाव नाही. जे आहे ते असे. एकाला भात गिळवत नाही, भाकरीची आठवण काढून रडला. एकाने विचारले, वाईचा ढोल्या गणपती पाहिला आहे का. त्याला सांगितले, रोज पाहात होते. एकाचा पाय गेला आहे हे दोन दिवस त्याला सांगितलेले नाही, तो तळवा खाजतो म्हणतो. एकाचे गाव वडगाव, घरापुढे चिंच, बायको बाळंतपणाला माहेरी.

या वह्या मी प्रथम वाचल्या तेव्हा हळहळले आणि बांधून ठेवल्या. त्या पुन्हा सोडायला लावल्या एका इंग्रजी पुस्तकाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम केलेल्या एडिथ ॲपलटन नावाच्या इंग्रज परिचारिकेच्या रोजनिशा २०१२ साली छापून निघाल्या. नातवाने ते पुस्तक मला आणून दिले. वाचता वाचता मनात आले, की या बाईने ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या घरच्या माणसांना किती हायसे वाटत असेल! आपला माणूस शेवटी कोणाच्या नजरेसमोर होता, एवढे तरी त्यांना कळू शकते. मग आमच्या ट्रंकेतल्या नावांनी कोणाचे काय वाकडे केले आहे?

नातू संगणकावर बसला. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था १९१७ सालापासून आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्यात २५ लाखांच्या घरात माणसे होती आणि त्यांतली सुमारे ८७,००० मेली. त्यांची नावे या संस्थेच्या यादीत सापडतात, पुष्कळदा बापाचे नाव आणि गावही असते. पण सापडतात म्हणजे सहज सापडतात असे नव्हे. लष्करी कारकुनाने आपली नावे इंग्रजीत कानाला येतील तशी लिहिलेली. एकच धोंडिबा चार तऱ्हांनी. आणि जे बरे होऊन घरी गेले, ते अर्थातच या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे, गावातला सर्वांत म्हातारा माणूस गाठायचा आणि वही पुढे धरायची.

गावे तरी जागेवर असावीत! आत्याने ‘जि. सातारा’ असे लिहिले आहे. पण १९४९ साली त्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि दक्षिण साताऱ्याचे १९६० साली सांगली झाले. कुलाब्याचे रायगड झाले. वडगाव तर महाराष्ट्रात किती आहेत, ते देवालाच माहीत. जावळी खोऱ्यातले एक गाव नकाशावर सापडेना, तेव्हा कळले की ते कोयनेच्या शिवसागराखाली गेले. धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि पाणी चढू लागले तशी त्या खोऱ्यातली माणसे घरांची लाकडे घेऊन उठली, कोणी रायगडात, कोणी ठाण्याकडे, कोणी सांगलीकडे जाऊन वसली. ज्या चिंचेची खूण आत्याने लिहून ठेवली, ती चिंचही पाण्यात.

आणखी एक अडचण मला आधी सुचलीच नव्हती. गावात जाऊन नाव सांगितले की पहिला प्रश्न येई, ‘कुठल्या आळीतला?’ प्रश्नाचा रोख सगळ्यांना कळतो. मी वही पुन्हा पुन्हा चाळली. एका माणसाला भात आवडत नाही हे तिने लिहिले, पण कोणाचीही जात लिहिली नाही. मराठा पलटणीतले होते, सॅपर होते, मोटारी हाकणारे होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिल्यापासून त्या वस्त्यांतूनही कितीतरी पोरे गेली होती. आत्याच्या वॉर्डात खाटांना नंबर होते, आळ्या नव्हत्या. वाईच्या सोवळ्या घरातून गेलेल्या बाईने हे केव्हा आणि कसे टाकून दिले, याची नोंद वहीत नाही. तिच्या न लिहिण्यामुळे माझ्या खेपा मात्र वाढल्या. प्रत्येक गावात सगळ्या आळ्या हिंडावे लागले, आणि त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात नमस्कारच केला.

२८ नावांपैकी १६ घरे सापडली. सगळीकडे स्वागत झाले असे नाही. वाळवे तालुक्यात एका घरी आम्ही दारातच अडलो. ‘जमिनीचं काही आहे का?’ असे तिथल्या कर्त्या पुरुषाने तीनदा विचारले. आजोबांचे नाव घेऊन कोणी शहरातली बाई वही उघडते, म्हणजे पुढे सात-बाराचा उतारा निघणारच, अशी त्याची खात्री होती. मी आजोबांच्या तापाचा मजकूर वाचून दाखवला. तो उभ्याउभ्याच ऐकून म्हणाला, ‘बरं, मग आता आम्ही सही कुठं करायची?’ सही नको म्हटल्यावर त्याला आमचा आणखीच संशय आला.

खटाव तालुक्यातल्या एका घराने मात्र मलाच चकित केले. तिथला माणूस बरा होऊन परत आला होता, पुष्कळ वर्षे शेती करून, नातवंडे पाहून गेला. त्याच्या सुनेने माझे बोलणे ऐकले, काही न बोलता आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. खरेदीखत, फारकतीचा कागद, सोसायटीच्या पावत्या, आणि त्यांच्याखाली एक पिवळे पडलेले पत्र. पाकिटावर सेन्सॉरचा शिक्का. ‘मामंजी म्हनायचे, ही एका बाईनं लिवल्यालं हाय, टाकू नगा.’ मी पत्र उघडले. ‘ळ’ला खाली मोठा फुगा काढायची आत्याची सवय होती. त्यावरून आम्ही तिची चेष्टा करत असू. ते सगळे फुगे त्या पत्रात होते. माणूस सांगतो आहे, की बैल विकू नका, मी येतो आहे, आणि लिहिणारी आमची आत्या. माझ्याकडे तिच्या वह्या होत्या. पण तिने दुसऱ्यासाठी लिहिलेले तिचे अक्षर मी प्रथमच पाहात होते. ते एका शेतकऱ्याच्या घरी जमिनीच्या कागदांच्या मानाने जपून ठेवलेले होते. आमच्या घरी ते तसे जपले गेले होते असे म्हणवत नाही.

आता ज्या घरासाठी हे सारे लिहायला बसले, त्याविषयी. घर पाटण तालुक्यातले. नावे छापू नयेत असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून छापत नाही. हा शिपाई १९४४च्या जूनमध्ये मांडीला जखम घेऊन आत्याच्या इस्पितळात आला. जखम भरत आली होती, तोच ताप चढला. स्क्रब टायफस. पुढच्या ११ दिवसांत त्याचे नाव वहीत रोज आहे. तो बैलांना हाका मारतो. आत्याला आक्का म्हणतो. पेज घेतो, दूध घेत नाही. मग एका दिवसाची नोंद अशी: ‘घरून पत्र आले. मुलगी झाली. दोनदा वाचून दाखवले. समजले असावे. हात धरून ठेवला.’ आणि दोन दिवसांनी: ‘पहाटे साडेतीन. पाणी घेतले होते.’

नातवाने त्या शिपायाचे नाव यादीत शोधून काढले, गाव निघाले, आणि असेही कळले की ती मुलगी हयात आहे. आईला दुसरे मूल नव्हते, म्हणून जावई घरी आणला होता; त्यामुळे ती आयुष्यभर बापाच्याच घरात राहिली. २०२२च्या मार्गशीर्षात आम्ही निघालो तेव्हा तिचे वय ७८ होते.

गाडीत मी आणि नातू वाद घालत होतो. त्या घरात काय सांगतात ते आम्हाला सैनिक कार्यालयातल्या एका गृहस्थांकडून समजले होते. शिपाई लढता लढता पडला, पडण्याआधी पाच जपानी लोळवले. गावच्या शाळेत पोरांना हे सांगतात. तिथे जाऊन मी ताप आणि पेज सांगायची का? दुसरा प्रश्न याहून अवघड होता. नातू म्हणाला, ‘आजी, “समजले असावे” असं कशाला वाचायचं? समजलं, असंच सांग ना. त्या आजींना बरं वाटेल आणि कोणाचं काही बिघडणार नाही.’ मुलगा मायेने बोलत होता. पण मला ते जमेना. चार रात्री जागलेल्या बाईने तापाने फणफणलेल्या माणसाकडे पाहिले आणि जेवढे खरे वाटले तेवढेच लिहिले. तिथे ‘समजले’ लिहायला तिला कोण अडवत होते? तरी तिने ‘असावे’ लिहिले. तो शब्द खोडण्याचा अधिकार मला कोणी दिला?

घर नीटनेटके होते. भिंतीवर लष्करी पोशाखातला जुना फोटो, त्याला ताजा हार. म्हातारीचा मुलगा स्वतः सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला. चहा झाला. मी आत्या कोण ते सांगितले आणि वाचायला सुरुवात केली, पहिल्या दिवसापासून. मधला शब्द गाळला नाही, मधला शब्द घातला नाही.

ताप आला तेव्हा हवालदार अस्वस्थ झाले. ‘बाई, काहीतरी घोटाळा असंल. आमच्या घरात सांगत आलेत की आजोबा लढाईत—’

‘तू गप बस रं,’ म्हातारी म्हणाली. ‘तुमी वाचा.’

मी वाचले. पत्राच्या नोंदीपाशी आले आणि ती आहे तशी वाचली. त्या थांबल्या. ‘पुन्यांदा वाचा.’ मी पुन्हा वाचली.

‘असावे म्हंजी काय वो?’

‘म्हणजे, अगदी नक्की सांगता येत नाही, पण तिला तसं वाटलं.’

त्यांनी फोटोकडे पाहिले नाही. स्वतःच्या हाताकडे पाहिले. ‘हात धरून ठेवला म्हनता न्हवं?’

‘हो. तसं लिहिलं आहे.’ कोणी कोणाचा धरला, ते आत्याने लिहिलेले नाही.

‘मंग समाजलं,’ त्या म्हणाल्या.

पुढचे तीन शब्दही मी वाचले: पाणी घेतले होते. त्यावर मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बऱ्याच वेळाने बोलल्या. ‘आई आमची सत्तर वर्सांची हून गेली. मरंस्तवर एकच बोलायची. रानात एकलंच पडलं असतील, कुनी पानी बी घातलं नसंल त्वांडात. सनासुदीला पैला घोट घेताना थांबायची ती. गोळीनं गेलं का तापानं गेलं, त्येचं काय हाय? आईला हे कळाय पायजे व्हतं.’

त्यानंतर हवालदार उठले आणि वहीचे ते पान हातात घेऊन स्वतः वाचले. ‘हे शाळेत सांगायला हवं,’ एवढेच ते म्हणाले. सांगितले की नाही, मला ठाऊक नाही.

याच उन्हाळ्या-पावसाळ्यात, १० जुलै १९४४ रोजी, नाईक यशवंत घाडगे इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्याच दिवसांत गवती छपराखाली बैलांना हाका मारत गेलेल्यांचे पुतळे कोण उभारणार? फार तर त्यांचे नाव एखाद्या दगडावर किंवा यादीत येते. दगडावर नाव असते, पण पाणी घेतले होते की नाही ते नसते. ते माहीत असते फक्त रात्रपाळीच्या बाईला. तिने लिहिले तर उरते, नाहीतर तिच्याबरोबर जाते. आणि घरचे माणूस वर्षानुवर्षे पाण्याच्या पहिल्या घोटाला थांबत राहते.

निघताना म्हातारीने मला विचारले, ‘ती तुमची आत्या, तिला पोरंबाळं?’ नाही म्हटले. ‘जाताना संगं कोन व्हतं?’ मी सांगितले, की ती इस्पितळात गेली, रात्रीची, आणि त्या वेळी जवळ रात्रपाळीची नर्स होती. दुसऱ्या दिवशी तिनेच आम्हाला सांगितले, की आजींनी मध्यरात्री उठवून चादरीचा कोपरा नीट करून घेतला आणि मग झोपल्या. त्या मुलीचे नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. म्हातारीने मान हलवली. जणू हिशेब जुळला होता.

१६ घरांना त्यांच्या त्यांच्या पानांच्या छायाप्रती मी पोचवल्या आहेत. वाळव्यालासुद्धा. १२ नावे अजून उरली आहेत, आणि माझे गुडघे आता खेडोपाडी हिंडू देत नाहीत. म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एखादी ट्रंक खाली आली असेल आणि तळाशी कोणा नर्सबाईची, सुईणीची, शिक्षिकेची वही निघाली असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी तिच्यातली नावे वाचा. ती आपल्या घरची नसतील, पण कोणाच्या तरी घरची असतात.

आणि दुसरी. उरलेल्या १२ जणांत एकाच्या पुढे आत्याने नुसते एवढे लिहिले आहे: गाव घाटाखाली, नदी दोनदा ओलांडावी लागते, देवळाला दोन दीपमाळा, त्यांतली एक मोडकी. घरी म्हातारी आई आणि तिला दिसत नाही. तो बरा होऊन बोटीने परत निघाला, तेव्हा घाटावरून त्याने हात केला. तो घरी पोचला का, हे आत्याला कळले नाही. त्या दिवसाच्या नोंदीत ‘मी’ हा शब्द आहे: ‘मी बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.’ अशा दोन दीपमाळांचे गाव कोणाच्या पाहण्यात असेल, तर कळवावे.